चार वाडगे

९ ऑक्टोबर १९४४, सोमवार

इथं स्वयंपाकघराच्या आत नळ आहे! हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण आठवड्याभरात सवय होईल आणि मग कौतुक उरायचं नाही. सारा जन्म मी विहिरीवरून बादल्या वाहिल्या, त्याने डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आलाय. इथं पितळी तोटी पिरगाळली की पाणी हजर. दुपारी काम नसताना उगाच पिरगाळत होते, तर प्लासिदा म्हणाली, मावशी, नळ आहे तो, गाढवाचा कान नाही.

प्लासिदा इथली झाडलोट आणि बाजारहाट बघते. माझ्या चुलतभावाची मेहुणी लागते. पन्नाशीची विधवा, तोंड सदा चालू, पण हात स्वच्छ. मी आले तेव्हा फाटकापर्यंत पळत आली आणि माझं बोचकं हिसकावून घेतलं. बोचक्यात होतं काय, एक परकर, जपमाळ आणि पोळलेला तवा.

चूल म्हणजे लोखंडाचा राजवाडा आहे. चार भांडी एका वेळी चढतात, बाजूला पाव भाजायचा वेगळा कप्पा. मला निजायला मागची खोली दिली आहे, तिच्यात लोकरीची गादी. पडून पाहिलं तर इतकी मऊ, की मला वाटलं कोणी पेटीत घालून झाकण लावतंय. उठून बसले. आज जमिनीवर निजेन, उद्या बघू.

बंगला एका वकिलाचा होता, तो सरहद्द ओलांडून पळाला. आता इथं फॅसिस्टांची कचेरी आहे, आणि कचेरी म्हणजे काळे सदरेवाले. मला ठाऊक आहे. सप्टेंबरात आमच्या डोंगरावरच्या गावात माझं घर ज्यांनी पेटवलं तेही काळे सदरेवालेच. पण इथल्या कप्तानाने निरोप धाडला, की तेर्सिल्ला बारालेच्या हातच्या सुपाचं नाव ऐकलंय, तिला स्वयंपाकाला बोलवा. नाही म्हणायला डोक्यावर छप्पर लागतं. थंडी तोंडावर आली आहे आणि मी काही मानी बाई नाही. माझी चूल ज्यांनी विझवली त्यांच्या चुलीवर हात शेकेन, आणि त्यांचाच पाव खाईन, जाड काप करून.

१० ऑक्टोबर, मंगळवार

लिहायचं कारण सांगते. एकटी राहून राहून मला स्वतःशी बडबडायची खोड लागली आहे. कांदा चिरताना मी नवऱ्याशी भांडते, आणि तो जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या गावचे फादर चेल्सो म्हणाले, तेर्सिल्ला, त्या घरात तुझं तोंडच तुझा घात करेल, म्हणून जे बोलावंसं वाटेल ते लिही आणि चुलीत घाल. वही त्यांनीच दिली. माझी शाळा तीन हिवाळ्यांची, उन्हाळे बकऱ्यांमागे गेले, अक्षर कोंबडीच्या पायाचं. चुलीत मात्र घालणार नाही, कागद फुकट मिळत नाही. वही राखेच्या डब्याखाली राहील. राखेत हात घालणारा पुरुष मी अजून पाहिला नाही.

तर जे तोंडातून बाहेर पडता कामा नये ते हे. माझी नात ओनोरिना जिवंत आहे.

इटलीचे सध्या दोन तुकडे झालेत. दक्षिणेत अमेरिकन आलेत, इकडे उत्तरेत जर्मन आणि त्यांच्या जिवावर उड्या मारणारे आपलेच काळे सदरेवाले. आमची पोरं बंदुका घेऊन रानात गेली. ओनोरिना एकोणीस वर्षांची, सायकलवरून त्यांच्या चिठ्ठ्या पोचवायची, चीजच्या टोपलीतून. जुलैत तिचा फोटो भिंतींवर लागला. ऑगस्टमध्ये आम्ही तिला पुरली. फादर चेल्सोंनी विषमज्वर असं लिहिलं, पेटीत नदीतले गोटे भरले आणि गोटे वाजू नयेत म्हणून तिचा निळा झगा भोवती कोंबला. अख्खं गाव पेटीमागून चाललं. मी रडले नाही. बायका कुजबुजल्या की म्हातारीचं काळीज दगडाचं आहे. मला हसू येऊ नये म्हणून मी जीभ चावून धरली.

फोटो भिंतींवरून उतरले. ती वरच्या रानात आहे. कुठं, ते मी विचारलं नाही. फादरनाच ठाऊक.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

कप्तान पाहिला. नाव गार्झेना. मला वाटलं शिंगं असतील. चाळिशीचा माणूस, लहानखुरे हात, आत येण्याआधी बुटाची माती पायपुसण्यावर पुसतो, जे माझ्या नवऱ्याने कधी केलं नाही. शेजारच्या खोऱ्यातला आहे, आमच्याच बोलीत बोलतो. मला आजी म्हणतो. सूप उभ्यानेच प्यायला आणि म्हणाला, आजी, यात सेलरीचा पाला घालता ना, माझी आई घालायची.

मग म्हणाला, ओनोरिना बाराले तुमचीच ना, कळलं मला, वाईट झालं. मी म्हटलं, तुम्ही शोधत होता म्हणे तिला, आता वर जाऊन पकडा, पत्ता फादर देतील. प्लासिदाच्या हातून झाकण पडलं. कप्तान मात्र मनापासून हसला. आजी, म्हणाला, तुम्ही या घरात आधीच यायला हवं होतं.

गादीवर निजायला लागले आहे. पाठ दुखायची थांबली.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

नळाला काहीतरी झालंय. सकाळी कोबी धूत होते, पाणी एकदम बारीक झालं, मग नळ खोकला, मग बंद. बऱ्याच वेळाने आपोआप आलं. प्लासिदाला म्हटलं, प्लंबर बोलवा. तिने मान खाली घालून बटाटे सोलायला घेतले, आधीच सोललेले होते ते.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

नळ परत तसाच. या वेळी प्लासिदाने सांगितलं. तळघरात मोठी दगडी टाकी आहे, वकील तिच्यात वाइनच्या बाटल्या गार करायचा. तिचा नळ आणि माझा नळ एकाच नळीवर आहेत. खाली टाकी भरायला लागले की वर पाणी थांबतं.

मी विचारलं, खाली कसली बाटली गार करतायत?

ती म्हणाली, मावशी, तुम्ही एवढ्या शहाण्या, मला कशाला बोलायला लावता.

मी अर्धा धुतलेला कोबी हातात घेऊन उभी राहिले. काही ऐकू येत नाही, भिंती जाड आहेत. तेच वाईट आहे. नुसता नळ थांबतो. मग पाणी येतं आणि आपण पुढचं पान धुवायचं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

तळघरात माणसं आहेत, त्यांचंही सूप माझ्याच पातेल्यातलं जातं. एक शिपाई वाडगे खाली नेतो, रिकामे वर आणतो. सगळे रिकामे नसतात. आज एका वाडग्यात सूप तसंच होतं आणि तळाशी दात होता. दाढ. मुळासकट.

काय करायचं अशा वस्तूचं? फेकवेना. मागच्या अंगणात रोझमेरीच्या झुडपाखाली पुरली आणि वर क्रूस काढला बोटाने. दाढेपुरता लहान.

आजपासून त्यांच्या सुपात घेवडा गाळून घालते, चावायला लागू नये म्हणून. आणि चरबीचा तुकडा. वरच्यांच्या ताटातून कापलेला.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

दर शुक्रवारी प्लासिदा बाजारात जाते. माझ्या खिडकीतून मागचं फाटक दिसतं, गाडीतून कोणाला उतरवलं ते दिसतं. मी भाजी निवडता निवडता प्लासिदाला सांगते, त्या लोहाराचा धाकटा, त्या गिरणीवाल्याचा जावई. ती बाजारात मीठवालीपाशी कुचाळक्या करते. मीठवालीकडून रानात जातं, मग त्या माणसाला ठाऊक असलेल्या जागा पोरं रातोरात सोडतात. बायका बाजारात गप्पा मारतात, त्यात कोणाला काय वाटणार. सगळं जग म्हणतं बायकांचं तोंड आवरत नाही. बरं झालं, म्हणत राहा.

आज प्लासिदा परत आली ती गालात हसत. मीठवालीने निरोप दिला, डोंगरावरची बकरी धष्टपुष्ट आहे आणि मालकिणीसारखीच शिंगं मारते.

त्या आनंदात मी मक्याच्या पिठाची पोलेंता करपवली. कप्तान म्हणाला, आजी, आज लक्ष कुठं आहे? मी म्हटलं, म्हातारीचं लक्ष कुठं असणार, थडग्यात.

१ नोव्हेंबर, बुधवार

आज मृतांची रात्र. इथं कोणी काही करत नाही, शहरी लोक. पण मी कुठं का असेना, माझी माणसं उपाशी परतवणार नाही. आमचं घर जळलंय, ती बिचारी तिथं जाऊन राख हुंगतील. इथं कशी येतील ते मला ठाऊक नाही, पण बाई असेल तिथं चूल आणि चूल असेल तिथं माणसं.

स्वयंपाकघरातलं मोठं टेबल पुसलं. पांढरं कापड घातलं. चेस्टनट उकडले, हे वर्ष चांगलं आहे, किडके कमी. चार वाडगे मांडले. एक नवऱ्याचा, बार्तोलोचा, मोठा, कारण लहान दिला तर तो मेल्यावरही कुरकुरेल. एक थोरल्या एत्तोरेचा, तो रशियाच्या बर्फात राहिला, त्याला परत आणायला कोणी गेलं नाही. एक धाकट्या सिल्वियोचा, दगडखाणीतला. एक एत्तोरेच्या बायकोचा, मार्गेरिताचा, ती ओनोरिनाला जन्म देताना गेली. तिच्या वाडग्यात मी दरवर्षी चेस्टनट सोलून ठेवते, तिला सोलायचा कंटाळा. ताज्या पाण्याची बादली दारापाशी ठेवली, दूरवरून चालून येतात, तहान लागते. चुलीत लाकूड घातलं. दाराला कडी लावली नाही, लावायची नसतेच.

आता निजते. जाग आली तरी त्या खोलीत डोकवायचं नाही, असा नेम आहे. लवकर या रे. आणि भांडू नका.

२ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे दार उघडलं. एत्तोरेच्या वाडग्यातले चेस्टनट संपलेले. सालं बाजूला नीट रचलेली, लहान ढिगारा. खुर्ची मागे सरकवलेली.

आजवर इतक्या वर्षांत एकदाही कोणी खाल्लं नव्हतं. खात नसतात, नुसते बसतात, मग सकाळी आपण गरिबाला वाटतो. मी खुर्चीच्या पाठीला हात लावला. मी रडणारी बाई नाही. पण खाली बसले, त्याच खुर्चीत, आणि म्हटलं, पोरा, इतकी भूक लागली होती?

मग कप्तान आला. बूट पुसले. म्हणाला, आजी, चेस्टनटबद्दल आभार, रात्री खालचं काम आटपून आलो तर टेबल मांडलेलं, आई गेल्यापासून अशा टेबलाशी बसलो नव्हतो, राहवलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं, ते खरं होतं.

त्याने विचारलं, कोणाचा कुठला वाडगा. आणि मी मूर्ख, माझ्या माणसांचं कोणी विचारलं म्हणून फुशारून सांगत सुटले. हा बार्तोलो, हा एत्तोरे, हा सिल्वियो, ही सून. एकेक बोट मुडपत तो ऐकत होता. चार बोटं मुडपली. पाचवं तसंच उभं राहिलं. त्याने त्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

म्हणाला, आणि ओनोरिना?

देवा. मला सुचलंच नव्हतं. विसरले असंही नाही. जिवंत माणसाचा वाडगा त्या टेबलावर मांडत नाहीत, म्हणून हात तिकडे गेलाच नाही. ऑगस्टपासून सगळ्या जगाशी खोटं बोलले, पण माझ्या मेलेल्यांशी खोटं बोलायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी म्हटलं, त्या रांडेचं नाव माझ्यापुढे काढू नका, रानात पुरुषांत लोळून घराण्याचं नाक कापलं, तिला मी वाडगा मांडेन होय? सांगताना थुंकलेसुद्धा.

तो म्हणाला, माझा एक भाऊ जन्मला आणि दिवस मावळायच्या आत गेला, त्याचं नावही ठेवलं नव्हतं. आई त्याचाही वाडगा मांडायची. आमच्या खोऱ्यात तर फाशी गेलेल्या चोराचाही मांडतात. तुमच्याकडे नाही का मांडत, आजी?

मांडतात. त्याला ठाऊक आहे, मांडतात.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

कप्तान सकाळीच आला आणि खुर्ची ओढून बसला. म्हणाला, राग सोडा, मृतांचे दिवस अजून आहेत, पोरीचा वाडगा मांडा, मीही प्रार्थना म्हणेन.

मांडला. मांडायलाच हवा होता. वाडगा घेतला, चेस्टनट घातले, चमचा ठेवला. तो म्हणाला, हाक मारत नाही का तुम्ही? आमच्याकडे हाक मारतात.

मी हाक मारली. ओनोरिना, ये, जेव.

माझ्याच तोंडाने. मेलेल्यांच्या पंगतीत बोलावलं तिला.

वाडगा टेबलाच्या कडेपासून नीट आत सरकवला. तो माझ्या हातांकडे बघत होता. मग त्याने प्रार्थना म्हटली, क्रूस केला, आणि जाता जाता म्हणाला, आजी, तुमच्यासारखी माणसं मला खाली भेटत नाहीत, खालची लवकर मोडतात.

प्लासिदा बाजारात गेली तेव्हा तिच्यामागून एक माणूस गेला. ती मीठ न घेताच परत आली.

५ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये मिसेला सोडलं नाही मला. फाटकातून ट्रक गेला, डोंगराच्या बाजूला. मागे चार जण बसलेले.

मांडीवर फावडी.

६ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या टेबलावर गोटे आणून ओतले. मी पीठ मळत होते तिथंच, पिठावर. नदीतले गोल गुळगुळीत गोटे. आणि निळा झगा, कुजका वास येणारा. कप्तानाने एक गोटा उचलला, बाहीने पुसला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

मी म्हटलं, माझं पीठ वाया गेलं.

मागच्या फाटकाशी गाडी आली. फादर चेल्सोंना उतरवलं. टोपी नव्हती. त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही.

७ नोव्हेंबर

सकाळपासून नळाला पाणी नाही.

प्लासिदा विहिरीवरून बादल्या आणते. मी तोटी उघडीच ठेवली आहे — बंद करवत नाही. बंद केली तर कळणार नाही, कधी —

संध्याकाळी थोडं आलं. मग परत गेलं.

फादर पासष्ट वर्षांचे आहेत. त्यांना दमा आहे. ओनोरिना कुठं आहे ते त्यांनाच ठाऊक, रानाबाहेर दुसऱ्या कोणालाच नाही. त्यांनी बोलून टाकावं अशी प्रार्थना मी करू का, की बोलू नये अशी? एका माणसासाठी केली की दुसऱ्याच्या विरुद्ध होते. म्हणून केलीच नाही. गुडघ्यावर नुसती बसले.

८ नोव्हेंबर

पाणी नाही.

फादरचा वाडगा भरलेला परत. शिपायाला म्हटलं, परत ने, गरम करून देते. तो पोरगा म्हणाला, आजी, त्यांना गिळता येत नाही आता. आणि तोंड फिरवून उभा राहिला.

पाणी नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

पाणी आलं.

सकाळपासून धो धो वाहतंय. थांबत नाही. मी तोटी बंद केली, उघडली, बंद केली. येतंय. येतंच आहे.

प्लासिदा कोपऱ्यात तोंडात एप्रनचं टोक कोंबून बसली आहे.

खाली आज एक वाडगा कमी न्यायला सांगितला.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

ते बोलले नाहीत. मला कसं कळलं, तर कप्तान आज चिडला आहे. पहिल्यांदा बूट न पुसता आत आला. ठिकाण ठाऊक झालं असतं तर ट्रक डोंगरावर गेले असते. गेले नाहीत.

मला वर आणलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, रस्त्याकडे तोंड असलेली. वही परकरात लपवून आणली. खिडकीपाशी आरामखुर्ची, पायावर ब्लँकेट. कप्तान म्हणाला, आजी, खूप राबलात, आता उन्हात बसा. मी खुर्ची भिंतीकडे वळवली. शिपायाने परत खिडकीकडे वळवली. मी परत. त्याने परत. शेवटी मला खुर्चीला बांधून ठेवीन म्हणाला, तेव्हा बसले.

इथून नदी दिसते, पूल दिसतो, पलीकडे डोंगरातून उतरणारा रस्ता. म्हणजे तिथून मी दिसते.

प्लासिदा जेवण घेऊन आली. शिपाई दारात होता, म्हणून ब्लँकेट खोचायचं निमित्त करून कानात बोलली. बाजारात दवंडी झाली. तेर्सिल्ला बारालेला मंगळवारी पुलावर गोळी घालणार. नात हजर झाली तर म्हातारीला सोडणार.

मी म्हटलं, तिला सांग, येऊ नकोस. म्हातारी तशीही या थंडीत मरणारच होती. सांग, आलीस तर थोबाड फोडीन.

प्लासिदा म्हणाली, मावशी, मला आता बाहेर सोडत नाहीत.

११ नोव्हेंबर

प्लासिदा आली नाही. जेवण शिपायाने आणलं. ती कुठं आहे म्हणून विचारलं, तर त्याने ताट ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

पुलाच्या अलीकडे, गिरणीत, माणसं लपवली आहेत. वरून दिसतात — सिगारेटचा धूर. पुलापलीकडे कोणी नाही. पलीकडे जायला ते भितात, तिथून रान सुरू होतं.

ती येणार. स्वतःला कशाला फसवू. मी असते तर आले असते. माझ्यावरच गेली आहे कार्टी — लहानपणी सांगितलं विहिरीपाशी जाऊ नको, की आधी विहीर.

खिडकी रंगाने चिकटलेली आहे. सूप प्यायला चमचा दिला होता. तो परत दिला नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

रंग खरवडते. शिपाई चर्चची घंटा ऐकायला जिन्यात गेला की तेवढा वेळ. एक बाजू सुटली.

मला भीती वाटते. लिहून टाकते म्हणजे झालं. मरायची नाही. ती रस्त्यावर दिसेल आणि मला आनंद होईल — याची. तीन महिने झाले तिला पाहून. दिसली तर माझा हात आपोआप वर —

तिने मला इथं जिवंत बसलेली बघितली की संपलं. मी बसले आहे तोवर ती येणार. म्हणजे मी —

दुसरी बाजू घट्ट आहे. चमचा वाकला.

१३ नोव्हेंबर

सुटली. नुसती टेकवून ठेवली आहे. वारा आत येतो. शिपायाला म्हटलं, म्हातारीच्या हाडांतून येतोय.

धुकं होतं. आता निवळतंय.

रस्त्यावर कोणीतरी —

चालत येतंय. सायकल नाही. डोक्याला रुमाल. हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले, दिसतील असे. तसं कोणी चालत नाही, शरण जाणाराच चालतो.

तीच. खांदा बापासारखा पुढे काढून चालते.

बारीक झाली आहे.

गिरणीतला धूर थांबला. त्यांनी पाहिलं.

ती अजून पलीकडेच आहे. वळणाशी थांबली. वर बघतेय, खिडक्या शोधतेय. इकडे नको बघू. नको — पाहिलं. मला पाहिलं तिने. हात केला.

पुलापर्यंत यायला अजून तेवढा उतार आहे. तेवढाच. तोवर तिला दिसायला हवं की सोडवून न्यायला इथं कोणी उरलं नाही. मग ती वळेल. रडेल, पण वळेल. पाय घट्ट आहेत तिचे.

शिपाई जिन्यात आहे. खिडकी उघडली, चौकटीवर चढून बसले.

फार थंड आहे. पोरी, खाली नको बघत बसू, पळ, मागे वळून पळ, मी ये —